मदत हवी आहे: बँक स्टेटमेंट कर्जासाठी योग्य होलसेल लेंडर (ब्रोकरमार्फत कर्ज देणारी संस्था) शोधून देणारं सॉफ्टवेअर

न्यू जर्सीत मॉर्गेज ब्रोकर (गृहकर्ज मिळवून देणारा मध्यस्थ) आहे, ऑफिसात आम्ही दोघंच. पगारदार कर्जदारांचं अडत नाही. फॅनी मे या अमेरिकी गृहकर्ज संस्थेच्या डेस्कटॉप अंडररायटर या पात्रता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की अंदाज येतो. अडतं ते स्वतःचा धंदा असलेल्यांपाशी. टॅक्स रिटर्नमध्ये खर्च वजा जाऊन उत्पन्न तुटपुंजं दिसतं, मग १२ किंवा २४ महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवर कर्ज काढायचं. त्यात जमा रकमेतला किती टक्के भाग उत्पन्न धरायचा, हे प्रत्येक लेंडरचं वेगळं.

सगळ्यांचे नियम एक्सेलमध्ये भरून पाहिले, पण ते सारखे बदलतात. लेंडरच्या प्रतिनिधींना मेल केली तर उत्तराला दोन दिवस, आणि इकडे घराच्या करारातली कर्जमंजुरीची तारीख जवळ येत असते. पैसे भरून एक प्रायसिंग इंजिनही घेतलं. ते लेंडरांचे व्याजदर दाखवतं, पण ग्रीन कार्ड नसलेला सहकर्जदार चालेल का, हे सांगत नाही.

सध्याची लोन सिस्टीम (कर्जाच्या फाइली हाताळायचं सॉफ्टवेअर) बदलायची नाही, आणि पहिल्या चाचपणीलाच ग्राहकाचा सोशल सिक्युरिटी नंबर द्यायचा नाही. क्रेडिट स्कोअर, डाउन पेमेंट, व्हिसा आणि उत्पन्न मोजण्याची पद्धत एकत्र टाकून पात्र लेंडर दाखवणारं, तुम्ही स्वतः वापरलेलं टूल कोणतं? आणि त्यातले नियम खरंच ताजे असतात का?