मदत हवी आहे: डोळे मिटून बसलो की त्रास जास्तच होतो (गे आहे, वय ३१)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, आयडी पण यासाठीच नवीन काढलाय तर सांभाळून घ्या.

मूळचा सांगलीकडचा, नोकरीला पुण्यात. गे आहे, घरात फक्त बहिणीला माहितीय. २०१८ ला कलम ३७७ चा, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा निकाल लागला तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आलो होतो, वाटलं सुटलो एकदाचा. कायद्यातून सुटलो ते खरंच, पण डोक्यात तारखा अजून पडतातच.

तर झालंय असं की सहा महिने झोप धड नाही, घरून स्थळांचा मारा चालू, म्हणून एका मित्रानं मेडिटेशनचं अ‍ॅप घ्यायला लावलं. श्वासापर्यंत ठीक जातं. मग ते म्हणतं आता खांदे, हात, मनगटं यांच्याकडे लक्ष न्या, आणि गाडी तिथेच अडते.

सातवीत असताना गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस अंगणात करत होतो. काकांनी सगळ्यांसमोर माझी नक्कल केली, मनगट ढिलं सोडून दोन पावलं चालून दाखवली. सगळे हसले. आई शेंगा सोलत बसली होती, ती पण हसली, मग माझ्याकडे बघितलं आणि परत मान खाली घालून शेंगा सोलायला लागली. तेव्हापासून माझ्या मनगटावर माझाच पहारा आहे, हात खिशात, आवाज जरा जाड, चालताना हिशोब, फोटोत मान सरळ आहे ना. म्हणजे वीस वर्षं मी अवेअरनेसच करतोय की हो! आता अ‍ॅपमधली बाई गोड आवाजात म्हणते स्वतःकडे बघा, जज करू नका, की तोच जुना वॉचमन काठी आपटत हजर. छातीत धडधड, घाम, परवा तर अर्ध्यात उठून गॅलरीत गेलो.

काउन्सेलर पण करून झालाय (नाव लिहीत नाही). दोन सेशन बरी गेली, तिसऱ्यात म्हणाले लग्न करून बघा, जबाबदारी आली की मन स्थिर होतं. अहो हे माझी आत्या फुकटात सांगते, त्याला १५०० रुपये कशाला?

असं कुणाला झालंय का, की ध्यानानं उलट त्रास वाढला? विपश्यनेला जाऊ का, सगळे तेच सांगतायत. आणि काउन्सेलर आपल्यासारख्यांना समजून घेणारा आहे हे आधीच कसं ओळखायचं? 'पॉझिटिव्ह विचार कर' सोडून काहीही सांगा.

---

प्रतिसाद:

तुला अरेतुरे करतेय, वयानं बरीच मोठी आहे. मी लेस्बियन, नाशिकला असते, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दोनदा जाऊन आलेय. मला मानवलं. पण पहाटे ४ ला घंटा, फोन जमा, १० दिवस मौन. पहिले ३ दिवस श्वास आणि मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून मन फिरवायचं, म्हणजे तुझं जिथे अडतं नेमकं तेच, ते पण दिवसाला दहा-दहा तास. फॉर्ममध्ये मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगीच नाही. आत्ता नको जाऊस.

डोळे उघडे ठेवून बस. अंगाकडे जाऊच नको, बाहेरचा एखादा आवाज धर, पंखा, रिक्षा, काहीही. तीन मिनिटं पुरे, धडधडलं की सरळ ऊठ. आणि हा तो पहारा म्हणतोस ना, त्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, म्हणजे अल्पसंख्य म्हणून जगताना येणारा ताण, लोक झिडकारतील या धास्तीनं कायम सावध राहणं हा त्यातलाच भाग. तुझ्या एकट्याचं काही बिघडलेलं नाहीये.

काउन्सेलरला फोनवरच विचार, गे लोकांबरोबर काम केलंय का, आणि गे असणं बदलता येतं असं मानता का. उत्तर गोलगोल आलं की फोन ठेव. 'बदलून देतो' असले उपचार डॉक्टरांनी केले तर ते व्यावसायिक गैरवर्तन, असं नॅशनल मेडिकल कमिशननं (डॉक्टरांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ लाच ठरवलंय. पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, दोन्ही आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, तिथे विचार. रात्री-अपरात्री फारच झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

---

धागाकर्ता:

ताई, खूप आभार. काल खिडकीत बसलो, खालच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, चार झाल्या. नंतर बघितलं तर हात मांडीवर उताणे पडले होते, कधी ठेवले तेच कळलं नाही.

नंबर सेव्ह केलेत. पण फोन लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं इथेच अडलोय, ज्यांनी केलाय त्यांनी आपण नेमकं काय म्हणालात ते लिहा ना, तसंच्या तसं.