वाड्यावरच्या पंगती : तुमचे अनुभव लिहा

भीमाकाठची
परवा मोहोळजवळ धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, उतरलेला दिसला. मेंढ्यांभोवतीची वाघर (जाळीचे कुंपण) लावून झाली होती आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजली जात होती. त्या धुराच्या वासाने मला मंगळवेढ्याकडचे आमचे शेत आठवले. पावसाळ्यापूर्वी वडील रानात मेंढ्या बसवून घेत आणि लेंडीखताच्या मोबदल्यात ज्वारी मोजून देत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला त्या रानात रात्र काढणारी मेंढ्यांची खांडे (कळप) आठवली होती. वाडा हलण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हा मुलांना जेवायला बोलावत. म्हातारी आजी पितळीत गरम भाकरी कुस्करी, तिच्यावर मेंढीचे दाट दूध ओती आणि दूध भाकरीत पुरते मुरेपर्यंत आमचा हात धरून ठेवी. शेवटी हुलग्याचे माडगे, म्हणजे कुळथाच्या पिठाची गोड पेज, मिळे.

घाटवाट
माझी शिक्षकाची पहिली नेमणूक कोयनेच्या खोऱ्यातील एका धनगरवाड्यावर झाली. तेथे मेंढ्या नसून म्हशी होत्या आणि ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी व ताक असे. सोलापूरच्या माणसाला ते जड गेले. जत्रेच्या दिवशी मोठ्या पातेल्यातले मटण मोजून वाटले गेले. घरे ११ होती आणि वाटे १२ पडले. बारावा वाटा शाळेचा, असे मला सांगण्यात आले.

सांगोलेकर
ताई, तुम्हाला मिळालेले दूध फार मोलाचे होते. आमच्या घरी मेंढीच्या दुधावर पहिला हक्क कोकराचा मानत आणि माणसांसाठी ते सणालाच काढत. आजोबा दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात आणि पावसापूर्वी परत येत. तिकडे मेंढ्या बसवल्या की भात मिळे, त्यामुळे आजीने सोबत नेलेले ज्वारीचे पीठ आजाऱ्यासाठी राखून ठेवलेले असे. घाट चढून आल्यावर जी पहिली भाकरी होई, तीच आमची मेजवानी होती.

काळी माती
मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला दिवाळीत धनगरांचे दैवत महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट झाली, भंडारा आणि लोकर उधळली गेली, की आम्ही ओळखदेख नसलेल्या बिऱ्हाडात हुग्गी (गव्हाची खीर) खायला बसत असू. कपाळावरचा भंडारा पुसायचा नाही, एवढीच अट असे.

लेकुरवाळी
माडगे कसे करावे, हे कोणी सांगेल का? माझे दर वेळी गुठळ्यांचे होते.

भीमाकाठची
हुलगे खमंग भाजून दळावेत, पीठ आधी गार पाण्यात कालवावे आणि मग गुळाच्या उकळत्या पाण्यात हळूहळू सोडत सतत ढवळावे. काल मी ते केले. आईला कपात दिले, तर तिने कप बाजूला ठेवून पितळी मागितली.

सांगोलेकर
आमच्याकडे त्यात सुंठ घालतात. आईंना पुढच्या वेळी तसे करून द्या.