प्रतिसाद: सेन्सर नको, आधी दव आवरा

रात्रीचं अख्खं आकाश टिपायला गुहागरच्या गच्चीवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा कॅमेरा बसवलाय आणि मध्यरात्रीनंतर फोटो दुधाळ येतात, असं तुम्ही म्हणता. वर दोघांनी सेन्सर बदलायला सुचवलंय. कृपया तो खर्च करू नका, तुमचा आयएमएक्स 477 सेन्सर या कामाला छान आहे. हे लक्षण दवाचं वाटतं.

निरभ्र रात्री कॅमेऱ्यावरचा अॅक्रिलिकचा (पारदर्शक प्लास्टिकचा) घुमट आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट, की तेवढा गारवा पाणी धरायला पुरतो. म्हणून घुमटाला थोडी ऊब देणारा हीटर करा: कडेला आतून 330 ओमचे 10 रेझिस्टर (वीज गेली की तापणारे छोटे रोधक) समांतर जोडा. एकूण 33 ओम, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 4.4 वॅट ऊब. प्रत्येकावर 0.44 वॅट पडतो, म्हणून 1 वॅटचेच घ्या. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच.

खाऱ्या वाऱ्याचं मात्र कुणीच बोललं नाही! स्क्रू 316 स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारे वापरा. घुमटावरचं मीठ साध्या पाण्याने धुवा. स्पिरिट अजिबात नको, अॅक्रिलिकला बारीक चिरा जातात.

एक्सपोजर 30 सेकंद ठीक आहे. तेवढ्यात आकाश अंशाच्या आठव्या भागाइतकंच सरकतं, फिशआय (अतिरुंद कोनाच्या) लेन्समध्ये ते जाणवत नाही. उकाड्यात सेन्सर तापून फोटोत ठिपके दिसू लागले तर त्याच रात्री लेन्स झाकून तेवढ्याच एक्सपोजरचे काही फोटो काढा आणि त्यांची सरासरी आकाशाच्या फोटोंतून वजा करा. हीटर बसवल्यावर पहाटेचा एक फोटो इथे नक्की टाका.