गाण्याच्या व्हिडिओत स्लो मोशन केलं की ओठ जुळत नाहीत, काय चुकतंय?

उसाचा_फड
नमस्कार मंडळी. आत्तेबहिणीनं स्वतःचं गाणं केलंय, ३ मिनिटं ४० सेकंदाचं, सावकाश चालीचं, १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० ठोके. व्हिडिओ मी करतोय. म्हणजे मी काय त्यातला नाही, इचलकरंजीत आमचं दुकान आहे, हौस म्हणून करतो, कॅमेरा लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या मित्राचा आणलाय. यूट्यूबवर बघितलं की सगळ्या गाण्यांत केस उडतायत, ओढणी तरंगतीय, आणि तरी गाणारीचे ओठ बरोब्बर शब्दावर हलतायत. मी पण सेकंदाला १२० फ्रेमवर शूट केलं, ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावलं, ती मस्त गायली, घरी येऊन स्लो केलं तर ओठ म्हशीच्या रवंथासारखे हलतायत आणि मुखडा संपला तरी हिचं पहिलंच अक्षर चाललंय. आता फुटेज वाया गेलं का? आणि ती लोकं करतात कसं? दोन दिवस उसात उभी होती बिचारी, हाताला पाचट कापलंय, तिला परत चल म्हणायची हिंमत होत नाही. म्हणून विचारतोय, हसू नका.

टाइमलाइन_पांडू
हसलो भावा, पण पहिल्या शूटला हे आम्ही सगळ्यांनीच करून ठेवलंय.

गणित सोपं आहे. पडद्यावर हालचाल अर्ध्या वेगानं दाखवायची आणि ओठ मात्र मूळ गाण्यावर पाहिजेत, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि तिनं त्या दुप्पट वेगावर गायचं. तू ६० फ्रेमवर घे, एडिटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० टक्के स्पीड कर, ओठ येतात गाण्याच्या मूळ वेगावर आणि केस, ओढणी, पाणी सगळं राहतं निम्म्या वेगात. एवढीच जादू आहे. तुझं ३:४० चं गाणं तिला १:५० मध्ये म्हणायचंय. मोबाईलवरच्या कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये २०० टक्के करून एक्सपोर्ट कर, पट्टी तीच ठेवायचा पर्याय असतो तो चालू ठेव नाहीतर उंदीर गातोय असं ऐकू येतं आणि पुढची हसत सुटते, टेक जातो.

मोठ्या सेटवर गाणं वाजवणाऱ्याला अजून नागराच म्हणतात, पूर्वी त्या नावाच्या टेपरेकॉर्डरवर गाणं लावायचे म्हणून. मशीन गेलं, आता लॅपटॉप असतो, हाक तीच. तुझा नागरा म्हणजे तो ब्लूटूथ स्पीकर. गाण्याच्या आधी चार टिकटिक टाक म्हणजे तिला कुठून उचलायचं कळेल.

अजून एक, ज्यात सगळे फसतात. कॅमेऱ्याच्या स्लो मोडमध्ये बऱ्याचदा आवाज रेकॉर्डच होत नाही. तू तो मोड लावूच नको, साधा ६०पी (सेकंदाला ६० फ्रेम) ठेव, आवाज चालू. मग एडिटला क्लिप निम्म्या वेगावर आणलीस की कॅमेऱ्यातला तो फास्ट आवाज पण स्लो होऊन मूळ गाण्याशी जुळतो, दोन्हींचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांची चित्रं, खाली-वर ठेवून सरळ बसव. नाहीतर ओठ बघून अंदाजानं सरकवत बसशील, रात्र जाते त्यात.

आणि फुटेज वाया नाही गेलं. १२० चं ३० च्या टाइमलाइनवर नॉर्मल वेगानं लाव, चारातली एक फ्रेम धरली जाते, ओठ एकदम बसतील. फक्त जरा टोकदार दिसेल, हात हलला की तुटक वाटेल, कारण उन्हात एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच) लावला नसणार आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी झालं असणार.

उसाचा_फड
एनडी काय असतं तेच माहीत नव्हतं 🙏 पण नॉर्मल लावून बघितलं, खरंच बसले ओठ!! दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाच दाखवलं.

सोलापुरी_चादर
मग परत शूट कशाला करताय दादा? गाताना नॉर्मल ठेवा आणि जिथं नुसतं म्युझिक आहे, दोन अंतऱ्यांच्या मधली बासरी वगैरे, तिथं स्लो टाका. निम्मी गाणी अशीच असतात नीट बघा. ओठ बंद असले की कुणी जाब विचारत नाही. सरसकट सगळं स्लो असेल तर स्लोचं काही वाटतच नाही, सारखी साजूक तुपातली खिचडी.

जुनी_कॅसेट
ताईंचं बरोबर. मी म्हातारा माणूस, चॅनल व्ही आणि एमटीव्ही केबलवर आले तेव्हा आम्ही कॉलेज बुडवून बघायचो, म्हणून थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढं जा.

त्या वेळचा जो व्हिडिओ अजून डोळ्यापुढं आहे त्यात बहुतेक एकच युक्ती असायची आणि ती शेवटपर्यंत ओढलेली असायची. दलेर मेहंदीचं १९९८ चं तुनक तुनक तुन घ्या. टीका व्हायची की ह्याची गाणी चालतात ती मागं नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळं. तर ह्या माणसानं मुलीच काढून टाकल्या आणि चार रंगांच्या पोशाखात चार दलेर मेहंदी स्वतःच नाचले, मागं कॉम्प्युटरनं केलेले डोंगर आणि वाळवंट. आज बघितलं तर ते डोंगर कच्चे दिसतात पण आवडतात की अजून! आ-हा ह्या बँडचं टेक ऑन मी, १९८५ चं, त्यात आधी खरी माणसं शूट केली आणि मग एकेका फ्रेमवर पेन्सिलीनं चित्र गिरवलं, सुमारे ३००० फ्रेमी, १६ आठवडे काम चाललेलं. आणि तुमच्या ओठांच्या भानगडीचा सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे कोल्डप्ले बँडचं द सायंटिस्ट, २००२. अख्खा व्हिडिओ उलटा चालतो, गायक मागं मागं जातो, पण ओठ मात्र शब्दावर. ते कसं तर त्यानं गाणं उलटं म्हणायला महिनाभर पाठ केलं, शूटला उलटं गायला आणि मग फिल्म उलटी फिरवली. तुमच्या बहिणीला नुसतं दुप्पट वेगानं गायचंय, खुश राहा म्हणावं.

हल्ली काय होतं, एका गाण्यात ड्रोन पण, धुराची मशीन पण, रंगाची पुडी पण, दर चार सेकंदाला गरकन फिरणारं ट्रान्झिशन पण. लग्नाचा हायलाइट आणि गाणं ह्यातला फरकच कळेना.

टाइमलाइन_पांडू
काका लग्नाच्या हायलाइटवर माझं घर चालतं, सांभाळून 😄

पण ट्रान्झिशनचं पटलं. उसाचा_फड, एक करून बघ. १०० बीपीएमला ३० च्या टाइमलाइनवर एक ठोका म्हणजे बरोबर १८ फ्रेमी. नवीन माणूस मार्कर टाकून प्रत्येक १८ व्या फ्रेमवर कट मारत सुटतो, मी पण मारलेत. पहिल्या मुखड्यापर्यंत बरं वाटतं, नंतर कुणीतरी डोक्यात टपली मारतंय असं होतं. सावकाश चालीचं गाणं आहे ना तुझं, तर मुखड्याला तिच्या तोंडावर आख्खी ओळ थांब. कटच करू नको. पुढच्या ओळीच्या आधी ती श्वास घेते तिथं काप. तो श्वास ठेवायचा हां, लोक नेमका तोच उडवतात, म्हणून मग ओठ जुळलेले असून पण खोटं दिसतं.

सोलापुरी_चादर
+१. आणि शूटला तिला खरंच गायला सांगा, मोठ्यानं. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि क्लोजअपला चोरी लगेच पकडली जाते.

दुप्पट वेगात अजून एक गोची आहे, पापण्या. त्या पण निम्म्या वेगानं मिटतात, मग झोप आल्यासारखी दिसते. ओळ चालू असताना मिटू नको म्हणावं, संपली की मिट. आख्खं गाणं एका दमात घेऊ नका, दोन दोन ओळी घ्या.

उसाचा_फड
घरात रात्री ट्यूबलाइटखाली एक सीन आहे, तिथं पट्टे फिरतायत स्क्रीनवर. हे पण स्लो मोशनमुळंच का?

टाइमलाइन_पांडू
आपली वीज ५० हर्ट्झ, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० वर बांधून ठेव, ६० फ्रेमला पण चालतं, पट्टे जातील. नाहीच गेले तर ट्यूब बंद कर आणि साधा पिवळा बल्ब लाव, तसाही चेहरा त्यात बरा दिसतो.

उसाचा_फड
अपडेट देतो. तयार झाली शेवटी, फक्त एक सकाळ देते म्हणाली. पंचगंगेच्या घाटावर उजाडायला गेलो, गाणं दुप्पट लावलं, आंघोळीला आलेले दोन आजोबा थांबले, एक म्हणतात बाळ तुझं रेडू बिघडलंय. पट्टी तीच ठेवायची विसरलो होतो, उंदीरच निघाला. ती पायरीवर बसून पाच मिनिटं हसत होती. तेवढ्या पाच मिनिटांत कॅमेरा चालूच राहिलेला.

नंतर नीट केलं, दोन दोन ओळी, मोठ्यानं गायली. "सावलीत" शब्द तेवढा दुप्पट वेगात "साउलीत" होतोय, तिथं ओंजळीतनं पाणी सोडतानाचा शॉट टाकला. बाकी नॉर्मलच ठेवलंय, उसातलं सगळं. ट्रान्झिशन एकूण अकरा होते, नऊ काढले. काका, दोन ठेवू द्या, शिकायला लय वेळ गेलाय त्यात.

जुनी_कॅसेट
एक ठेवा. आणि ते हसण्याचं फुटेज कुठाय? बासरीच्या तुकड्यावर लावून बघा, ६० चंच आहे ना ते.

उसाचा_फड
६० चंच आहे. लावतो रात्री दुकान बंद केल्यावर.