पानिपतावर आपण एकटे पडलो, ते कुणामुळे?

भीमथडी

१४ जानेवारी, १७६१ साली पानिपतावर मराठे अब्दालीकडून हरले तो दिवस, आला की तेच संदेश फिरायला लागतात. भरतपूरचा जाट राजा सूरजमल सोडून गेला, राजपूत घरात बसले, अवधचा नवाब शुजा उलटला, होळकरांनी मैदान सोडलं, म्हणून पानिपत हरलो. यंदा आमच्या नात्यातल्या गटावर 'तेव्हाचे हिंदू एक झाले असते तर' इथवर मजल गेली आणि दोन दिवस नुसती जुंपली. तिथे कुणाला कुणाचं ऐकायचं नव्हतं. मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून इथे नीट मांडतो.

माझ्या मते १७६० साली उत्तरेत आपल्याला कुणी दगा दिला नाही. दगा द्यायला आधी मैत्री लागते, आणि ती आपण टिकवलीच नव्हती.

जयपूर घ्या. सवाई जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि ईश्वरीसिंह-माधोसिंह यांच्यात गादीचा तंटा लागला. त्यात आपले सरदारही एकमताने वागले नाहीत. शिंद्यांचा कल एकाकडे, होळकरांचा दुसऱ्याकडे, आणि खंडणीचा तगादा मात्र दोघांचाही. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज चालून येतेय म्हटल्यावर ईश्वरीसिंहाने विष घेतलं. माधोसिंह आपल्या जोरावर गादीवर बसला, आणि पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात गेलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. ज्याला आपण राजा केलं त्याच्याच राजधानीत! लोकांच्या मनात आपल्याबद्दल काय साठलं होतं, ते एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

मारवाडातही तेच. तिथल्या भाऊबंदकीत आपण पडलो आणि १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. त्याच्या आदल्या वर्षी कुंभेरीला सूरजमलला वेढा घातला होता. तिथे किल्ल्यावरच्या तोफेच्या गोळ्याने खंडेराव होळकर गेले, मल्हाररावांचा मुलगा, अहिल्याबाईंचे यजमान. मल्हाररावांचं आणि जाटांचं नातं त्यानंतर काय राहिलं असेल?

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. १७५२ च्या करारात आपण दिल्लीच्या मोगल बादशहाचं अफगाण बादशहा अब्दालीपासून रक्षण करायची जबाबदारी घेतली. त्याबदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब-सिंधपर्यंतच्या चौथाईचे हक्क. मग १७५७ मध्ये अब्दाली आला, दिल्ली लुटली, मथुरा-वृंदावनात माणसं कापली. आपली मोठी फौज तेव्हा तिथे नव्हती. मथुरेच्या वाटेवर चौमुहाला अफगाणांना आडवा गेला तो सूरजमलचा मुलगा जवाहरसिंह. त्याच जाटांना आज आपण दगाबाज म्हणायचं?

शुजाउद्दौलाचा बाप सफदरजंग आपला दोस्त होता, रोहिल्यांविरुद्ध, म्हणजे रोहिलखंडातल्या पठाणांविरुद्ध, त्याने आपल्याच फौजा नेल्या होत्या. पण पेशव्यांना शुजाकडून काशी-प्रयाग हवं होतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठल्या भरवशावर तो आपल्याकडे येणार?

रोहिडखोरे

पूर्ण असहमत. आपल्याच लोकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची हल्ली सवयच झाली आहे.

खंडणी त्या काळात कोण घेत नव्हतं? मोगलांनी घेतली, निजामाने घेतली. अब्दाली तर घेऊन निघून जायचा, देत काहीच नव्हता. मराठ्यांची फौज हजार कोसांवर जाऊन वर्षानुवर्षं राहते, ती काय वाऱ्यावर जगते? १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरपर्यंत गेले आणि परत आले ते कर्ज घेऊन. पानिपतचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले, त्यावरून त्यांना आजही बोल लावतात. फौजेचा पगार कशातून द्यायचा, ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि माधोसिंहाने अब्दालीशी पत्रव्यवहार केला, तो काय खंडणी जास्त झाली म्हणून? घरात भांडण आहे म्हणून दरोडेखोराला दार उघडून देणाऱ्याला तुम्ही निर्दोष सोडणार असाल, तर मग दगा कशाला म्हणायचं तेवढं सांगा.

इंदूरची सून

होळकरांचं नाव निघालंच आहे तर बोलते. आमच्याकडे हा विषय घरातला आहे.

मैदान सोडलं म्हणून मल्हाररावांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्यांचा सल्ला वाचावा. जड तोफा, कुटुंबं, यात्रेकरू, बुणगे मागे सुरक्षित ठेवा आणि हलक्या घोडदळाने गनिमी काव्याने लढा, हेच ते सांगत होते. सूरजमलही तेच सांगत होता. तो सल्ला ऐकला गेला नाही. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडल्यावर, फौज फुटल्यावर जे बाहेर निघाले त्यांत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. सगळ्यांनी तिथेच मरायचं होतं का? विंचूरकर आणि गायकवाड तर ठरलेली गोलाची रचना मोडून त्यांच्या आधी निघाले, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

रोहिडखोरे

ताई, राग मानू नका, पण रोहिल्यांचा सरदार नजीबखान, त्याचं काय? १७५७ मध्ये तो दिल्लीत राघोबादादांच्या हातात सापडला होता. मल्हाररावांनी त्याला धर्मपुत्र म्हणून सोडवलं. त्यानंतर अब्दालीला बोलावणारा तोच, त्याला हिंदुस्थानात थांबवून धरणारा तोच, शुजाला समजवायला जातीने जाणारा तोच. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ते याच्याच माणसांशी लढताना. एवढी किंमत मोजली.

इंदूरची सून

नजीबाला सोडणं चुकलंच. ते मी कधी नाकारलं नाही. पण सोडायचा निर्णय राघोबादादांचाही होता, ते सेनापती होते. एकट्या मल्हाररावांच्या माथी का मारता?

अंतर्वेदी

तुम्ही सगळे खंडणी, वारसा, पगार यावरच बोलताय. मूळ गोष्टीला हात लावायला सगळेच घाबरतात असं दिसतं. नजीबाची हाक धर्माची होती. दिल्लीतले धर्मपंडित शहा वलीउल्ला यांनी अब्दालीला पत्र लिहून बोलावलं, ते काय जयपूरच्या वारसाहक्कासाठी? शुजा शिया, नजीब आणि अब्दाली सुन्नी, आपसांत विश्वास नव्हता, तरी ते एका छावणीत आले. कशावर आले?

वेढ्याच्या काळात शुजामार्फत तहाची बोलणी चालली होती. ती हाणून पाडली नजीबाने. पैशाचंच भांडण असतं तर पैशावर मिटलं असतं.

भीमथडी

अंतर्वेदी, घाबरायचा प्रश्न नाही. नजीबाने धर्माची हाक दिली, वलीउल्लांची पत्रं आहेत, हे मी कशाला नाकारू? पण हाक दिली म्हणून युद्ध तसं होत नाही. मैदानावर कोण कुठे उभं होतं ते बघा.

आपल्या बाजूला इब्राहिमखान गारदी. त्याची कवायती पलटण आणि तोफखाना हाच आपला सगळ्यात मजबूत भाग, आणि त्या दिवशी सकाळी रोहिल्यांची फळी मोडली ती गारद्यांनी. आपल्या बाजूला समशेर बहादूर, बाजीराव-मस्तानीचा मुलगा, तो जखमी होऊन जाटांच्या मुलखात वारला. दोन वर्षं आधी पंजाबात आपल्याला बोलावणारा तिथला मुसलमान सरदार अदीना बेग.

आणि समोर? शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसावी आपल्या नागा साधूंना घेऊन अब्दालीच्या बाजूने उभा होता. शुजाच्या पदरी काशीराज पंडित, दक्षिणी ब्राह्मण, ज्याच्या लिखाणातून आपल्याला या लढाईची निम्मी माहिती मिळते. तुमच्या हिशेबात या माणसांना कुठल्या रकान्यात बसवणार?

अंतर्वेदी

इब्राहिमखानाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. लढाईनंतर तो जिवंत हाती लागला. शुजाच्या छावणीत होता, शुजाला त्याला वाचवायचं होतं. अब्दालीने त्याला मागून घेतलं आणि ठार मारलं. मुसलमान असून काफिरांसाठी लढला हा त्याचा गुन्हा होता. म्हणजे हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

आपण ते धर्मयुद्ध म्हणून लढत नव्हतो, हे मला पूर्ण मान्य आहे. भाऊंनी ऑक्टोबर १७६० मध्ये दिल्लीत शहाआलमच्या नावाने द्वाही फिरवली, म्हणजे तोच बादशहा असं जाहीर केलं. विश्वासरावांना तख्तावर बसवलं नाही, मोगल वंशच कायम ठेवला. आपलं युद्ध राज्यासाठी होतं. पण आपण ज्या कारणासाठी लढतो त्याच कारणासाठी समोरचाही लढतोय, असं आपण धरून चाललो. पानिपताचा अभ्यास करताना हे कुणी बोलत नाही, आणि बोललं की लगेच गोसाव्यांची फौज पुढे केली जाते. अनुपगीर पगारी होता. त्याच्यावरून अब्दालीचा हेतू ठरत नाही.

भीमथडी

समोरच्यांतही हेतू एक नव्हता, एवढंच माझं म्हणणं. नजीबाचा वेगळा, शुजाचा वेगळा, अब्दालीचा तिसराच. जिंकल्यावर अब्दालीने पेशव्यांशी सलोख्याची बोलणी सुरू केली. धर्मासाठी आलेला माणूस हे कशाला करेल?

फळा-खडू

शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी मुलं एकच प्रश्न विचारतात, "सर, गद्दार कोण?" मी त्यांना फळ्यावर यमुना काढून दाखवतो. इथेही तेच करावंसं वाटतंय, कारण वरच्या सगळ्या चर्चेत भाकरीचा उल्लेख कुठेच नाही.

ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला. तिथे धान्याचा मोठा साठा मिळाला. फौज कुरुक्षेत्राकडे निघाली. अब्दाली यमुनेच्या पलीकडे, पूर्वेला, पावसाळ्याने अडकलेला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास त्याने बागपतला नदी उतरायला सुरुवात केली आणि तो आपल्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. तेव्हापासून परतीची वाट बंद. त्याची रसद मात्र चालूच, कारण नदीपलीकडचा सगळा दुआब (गंगा-यमुनेमधला मुलूख) आणि रोहिलखंड नजीबाच्या ओळखीचा.

आपल्याला दाणा कुठून येणार होता? दुआबातून आपले मामलेदार गोविंदपंत बुंदेले शत्रूची रसद तोडत होते आणि आपल्याला पैसा-धान्य पोहोचवायचा प्रयत्न करत होते. डिसेंबरमध्ये छाप्यात ते मारले गेले. पतियाळाच्या आला सिंगाने धान्य पाठवलं, पण ती वाटही तोडली गेली. मग उरला पानिपत गाव आणि आपला खंदक. आत लढणारे किती आणि नुसते खाणारे किती, विचार करा. बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. जनावरं उपाशी मरायला लागली. थंडी उत्तरेतली, अंगावर कपडे दक्षिणेतले. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती ठरवून निवडलेल्या दिवशी नव्हे. आणखी आठ दिवस थांबलं असतं तर लढायला अंगात त्राण राहिलं नसतं, म्हणून बाहेर पडली.

भीमथडींचा मुद्दा मला इथे पटतो. मित्र म्हणजे मैदानात शेजारी उभा राहणारा एवढंच नाही. सूरजमल सोबत असता तर दिल्लीच्या दक्षिणेला डीग-भरतपूरपासून दाण्याची वाट कुणाला सहज तोडता आली नसती. जयपूरने फौज पाठवायची गरजच नव्हती, बैल पाठवले असते तरी पुरलं असतं.

रोहिडखोरे

सर, रसदेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यातूनही शेवटी भाऊच दोषी ठरतात आणि तिथे माझा आक्षेप आहे. भाऊ गर्विष्ठ होते, कुणाचं ऐकत नव्हते, सूरजमलला दुखावलं, हे सगळं आपण कशावरून म्हणतो? बराचसा मजकूर नंतर लिहिलेल्या बखरींतला. काशीराजाने लिहिलं ते १७८० च्या सुमारास, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी, आणि तो शुजाच्या नोकरीत होता. जे वाचले त्यांनी आपापली बाजू सांगितली. भाऊंची बाजू सांगायला भाऊ उरले नाहीत. तिशीतला माणूस, त्याच वर्षी उदगीरला निजामाला हरवून आलेला, मैदान न सोडता लढत पडला. त्याच्याबद्दल बोलताना थोडी जबाबदारी ठेवा, एवढंच मागणं आहे.

इंदूरची सून

हाच न्याय मल्हाररावांनाही लावा.

भीमथडी

रोहिडखोरे, माझ्या पहिल्या मजकुरात भाऊंवर एक शब्दही नाही. भाऊंना जे शत्रू मिळाले ते आधीच्या कारभाराने कमावलेले होते. १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून निघालेल्या माणसाला पंधरा वर्षांचं वैर दहा महिन्यांत मिटवता येणार नव्हतं.

आणि सूरजमलला दगाबाज म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. पानिपताहून उघडेवाघडे, उपाशी, जखमी मराठे पळत आले तेव्हा त्याने त्यांना आसरा दिला, अन्नवस्त्र दिलं, औषधपाणी केलं. विजयी अब्दाली दिल्लीत असताना हे केलं. त्याला त्यातून काय मिळणार होतं?

रोहिडखोरे

सूरजमलबद्दल तेवढं मान्य, त्याचे उपकार आहेत. पण तुमचा मित्र जोडण्याचा सिद्धांत पुढे टिकत नाही. महादजी शिंद्यांनी १७७१ मध्ये दिल्ली परत घेतली, शहाआलमला आणून तख्तावर बसवलं. १७७२ मध्ये फौजांनी नजीबाचा पत्थरगड घेतला. महादजी भाऊंपेक्षा धोरणी, उत्तरेत मुरलेले. तरी १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईत जयपूर आणि जोधपूर दोघंही त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेच. ज्यांना आपल्याला विरोधच करायचा होता त्यांनी तो प्रत्येक वेळी केला.

भीमथडी

लालसोटला भांडण कशावरून लागलं? जयपूरच्या थकलेल्या खंडणीवरून. महादजी धोरणी होते, माझ्याही मनात त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या बाबतीत १७५० चाच कित्ता चालू होता. लालसोटनंतर त्यांना मागे हटावं लागलं, दिल्ली हातची गेली, आणि १७८८ मध्ये लाल किल्ल्यात शिरून शहाआलमचे डोळे काढणारा गुलाम कादर हा नजीबाचा नातू होता.

अंतर्वेदी

गुलाम कादरने डोळे काढले ते मुसलमान बादशहाचे. या एका बाबतीत तुमचं पारडं जड आहे, लिहून ठेवा. वलीउल्लांच्या पत्रांवर मात्र मी वेगळा धागा काढतोय, तिथे या.