गाडीच्या कंपनी स्क्रीनवर बाहेरचं ॲप टाकायचंय, पेनड्राइव्हवरून एपीके घेतच नाहीये

नकाशा_हवाय
नमस्कार मंडळी. सेकंडहँड गाडी आहे, स्क्रीन कंपनीचीच. सेटिंगमध्ये अँड्रॉइड ४.४ लिहिलेलं दिसतं, म्हणजे आत अँड्रॉइडच आहे. मला फार काही नको, एक ऑफलाइन नकाशाचं ॲप पाहिजे बस. आठवड्यातून दोनदा डोंगरातल्या रस्त्याने जावं लागतं आणि रेंज गेली की मोबाइलवरचा नकाशा करडा पडतो, निळा ठिपका तेवढा त्या करड्यात सरकत राहतो, फाटा आला की कुठे वळायचं कळत नाही. एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल फाइल, पेनड्राइव्हवर टाकून लावलं तर स्क्रीनला फक्त गाणी दिसतात, ती फाइल दिसतच नाही. डेव्हलपर सेटिंग उघडायला बिल्ड नंबर सात वेळा दाबला तर पासवर्ड मागते. एका व्हिडिओत इंजिनिअरिंग मेनूचा (कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी लपवलेल्या सेटिंगचा) कोड दिलाय, त्यातून एडीबी, म्हणजे लॅपटॉप जोडून ॲप टाकायची सोय, चालू होतं म्हणे. करू का? हीच गाडी बाबा पण चालवतात, त्यामुळे काही बिघडवून चालणार नाही. अँड्रॉइड ऑटो आहे गाडीत पण केबलची कटकट म्हणून कधी वापरलं नाही.

बोनेट_उघडा
थांबा, कोड टाकू नका अजून. आधी हे बघा की ॲप चालणार कुठे, गाडीत का फोनमध्ये. अँड्रॉइड ऑटोत ॲप फोनमध्येच चालतं, गाडीची स्क्रीन फक्त चित्र दाखवते आणि तुमचा टच परत फोनला पाठवते. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह म्हणजे वेगळं प्रकरण, तिथे गाडीतच पूर्ण सिस्टिम असते, २०२० च्या पोलस्टार २ या गाडीपासून ते सुरू झालं, त्यात प्ले स्टोअर गाडीतच मिळतं पण ॲप मोजकीच, गाणी, नकाशे, चार्जिंग, पार्किंग वगैरे, आणि व्हिडिओ गाडी उभी असतानाच. तुमच्या स्क्रीनची स्वतःची सिस्टिम या दोन्हीत बसत नाही. तुमच्यात कंपनीने जुनं अँड्रॉइड घेऊन स्वतःचा मेनू चढवलाय आणि बाहेरून काही टाकायची वाट बंद केलीय. समजा एडीबी चालू झालंच तरी आजची बरीच ॲप ४.४ वर इन्स्टॉलच होत नाहीत, पॅकेज पार्स करता आलं नाही असा एरर देऊन गप्प बसतात. म्हणजे एवढा धोका पत्करून हातात काहीच नाही.

बॅटरी_डाउन
मी हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. इंजिनिअरिंग मेनूतून लाँचर (ॲप उघडायची वेगळी होम स्क्रीन) टाकला, नकाशा टाकला, मस्त चालला, चार दिवस खूश होतो. मग गाडी दोन दिवस उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतोय. जंप स्टार्ट केली, परत तेच. शेवटी गाडी लॉक करून अर्ध्या तासाने आत बसलो आणि स्क्रीनच्या मागे हात घातला तर कोमट लागली, स्क्रीन काळी होती पण आत युनिट जागंच होतं. मीटर लावला तर १.४ अँपिअर करंट जात होता, तो खरं तर ५० मिलीअँपिअरच्या आत पाहिजे. नकाशाचं ॲप लोकेशन घेत राहायचं आणि युनिटला झोपूच द्यायचं नाही. बरं, त्याच मेनूत कॅमेऱ्याचा प्रकार म्हणून एक ऑप्शन होता, तो चुकून बदलला गेला आणि रिव्हर्सचं चित्र उलटं यायला लागलं, डावीकडचा खांब उजवीकडे. बाबा चालवतात म्हणताय म्हणून सांगतो, ते चित्र बघून मागे घेतली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. त्या मेनूत सेव्ह का कॅन्सल असं काही विचारत नाही, बोट लागलं की बदललं.

माझी_गाडी
पण मला एक पटत नाही, गाडी आपण विकत घेतली तर तिच्यात काय टाकायचं ते कंपनीने का ठरवावं? फोनवर कोणतंही एपीके टाकता येतं ना.

बोनेट_उघडा
तुमची चीड रास्त आहे, मलाही पूर्ण कुलूप आवडत नाही. पण फोन ब्रेकला जोडलेला नसतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या सायबर सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकीच्या इन्फोटेनमेंटमधून, म्हणजे स्क्रीनच्या युनिटमधून, शिरून लांबून गाडीवर ताबा मिळवून दाखवला, त्यानंतर १४ लाख गाड्या रिकॉल झाल्या, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. स्क्रीनचं युनिट कॅन बसवर, म्हणजे गाडीचे भाग एकमेकांना मेसेज पाठवतात त्या वायरवर बोलतं, आणि बऱ्याच गाड्यांत तिथून इंजिन आणि ब्रेकच्या मेसेजपर्यंत वाट असते. आणि हल्ला सोडा, २०२१ मध्ये टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल केल्या कारण ८ जीबीची मेमरी चिप सतत लिहून लिहून झिजत होती आणि ती गेली की रिव्हर्स कॅमेरा पण जायचा. ते तर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. कंपनीने तपासलेल्या ॲपसाठी अधिकृत वाट द्यावी ही मागणी मी करतोच, पण चोरवाट म्हणजे ती नव्हे.

केबल_लावा
नकाशा_हवाय, तुमचं काम फोनमधूनच होईल. गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरी वायफायवर उतरवून ठेवा, नाहीतर ऑरगॅनिक मॅप्स घ्या, ते ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, पूर्ण ऑफलाइन, फुकट आणि अँड्रॉइड ऑटोवर दिसतं. ॲप प्ले स्टोअरबाहेरून घेतलं असेल तर फोनच्या अँड्रॉइड ऑटो सेटिंगमध्ये तळाशी व्हर्जनवर टॅप करा, खाली परवानग्यांची माहिती उघडली की त्यावर दहा वेळा, मग वर तीन ठिपक्यांत डेव्हलपर सेटिंग येतं, तिथे अननोन सोर्सेस चालू करा. पण ॲप अँड्रॉइड ऑटोसाठी बनवलेलं असलं तरच दिसेल, कुठलंही एपीके टाकून नाही चालणार. केबल डेटावाली आणि आखूड घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर काहीच येत नाही, बरेच जण तिथेच अडकतात.

नकाशा_हवाय
सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिनिअरिंग मेनूचा नाद सोडला. पहिल्या केबलवर खरंच नुसतं चार्जिंग होत होतं, दुसरी लावल्यावर लगेच आलं. काल डोंगरातून जाऊन आलो, फोनचा डेटा मुद्दाम बंद ठेवला होता, दोन्ही फाट्यांवर आवाज वेळेवर आला. ट्रॅफिक दिसत नाही ऑफलाइनमध्ये, पण त्या रस्त्याला ट्रॅफिक नसतंच. आता बाबांच्या फोनमध्ये पण उतरवून देतोय.