रझांचा निसर्ग आणि ॲक्रिलिकवरून पेटलेलं भांडण

गेरू: काल इथं कुणीतरी चित्रकार सय्यद हैदर रझांबद्दल ठोकून दिलंय की, "रझांनी जन्मभर एक काळा गोल, म्हणजे तो बिंदू, गिरवला, निसर्ग लिलाववाल्यांनी चिकटवला." अहो, आधी क्रम तरी बघा! वडील वनखात्यात, बालपण मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलात. पुढे शिकायला नागपूर, मुंबईचं जेजे कला महाविद्यालय आणि १९५० ला पॅरिस. सुरुवातीला फ्रान्समधली गावं, घरं, चर्च. मग चाकूनं थापलेल्या तैलरंगात तीच घरं वितळत गेली. बिंदू ठाण मांडून बसला तो फार नंतर.

कोरडा_ब्रश: क्रम पाठ आहे. १९६२ ला अमेरिकेत बर्कले विद्यापीठात शिकवायला गेले आणि पुढे तैलरंग सोडून पाण्यात कालवायचं ॲक्रिलिक धरलं, तिथंच धग गेली. प्लास्टिक ते प्लास्टिकच.

गेरू: 'सौराष्ट्र' (१९८३) ॲक्रिलिकच आहे, दोन मीटर बाय दोन मीटर. त्यात धग नाही?

जवसतेल: माध्यमाला शिव्या देण्याआधी ते वाळतं कसं ते समजून घ्या. जाड तैलरंगावर वरून साय धरते, आत महिनोन्‌महिने ओलं. त्यावर कमी तेलाचा पातळ थर चढवला की तडे ठरलेले. ओल्या लालवर काळा ओढाल तर चिखल. ॲक्रिलिकचा पातळ हात अर्ध्या तासात वाळतो, म्हणून काळ्याखालचा लाल स्वच्छ पेटलेला राहतो. फक्त वाळल्यावर छटा थोडी गडद होते, तो हिशेब आधीच धरायचा. आणि तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही नको, पापुद्रे निघतात.

कोरडा_ब्रश: आणि मुंबईच्या उकाड्यात ॲक्रिलिक मऊ पडून फ्रेमच्या काचेला चिकटतं, ते कोण सांगणार?

जवसतेल: काच टेकवताच कशाला? मध्ये पट्टी घालून फट ठेवा. कॅनव्हास गुंडाळायचाच तर रंगाची बाजू बाहेर. बबल-रॅपचे फुगे रंगावर टेकवले तर गोल ठसे उठतात.

कोरडा_ब्रश: वा, म्हणजे बिंदू फुकटात!

गेरू: थट्टा पुरे. मुसलमान घरातला माणूस, बायको फ्रेंच, मुक्काम पॅरिसला, आणि 'माँ' (१९८१) या कॅनव्हासवर देवनागरीत हिंदी कवितेची ओळ. हे सगळं लिलाववाल्यांनी लिहून दिलं का?

कोरडा_ब्रश: बरं बाबा, 'सौराष्ट्र' आणि 'माँ' तुमच्या पदरात. पण शेवटच्या वर्षांतली ती कंपासछाप वर्तुळं?

गेरू: त्यातली बरीचशी मलाही कोरडीच वाटतात. पण म्हणून आधीची तीस वर्षं पुसणार का?

जवसतेल: काचेचा वेगळा धागा काढा रे कुणीतरी.